मदत हवी आहे: हरिहर गड आणि हर्षेवाडी एका दिवसात, गावाला त्रास न होता

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आम्ही सात मित्रमैत्रिणी नाशिकहून हरिहरला जायचं म्हणतोय. सगळे चाळिशीच्या पुढचे, पण चालायची सवय असलेले. सकाळी गड, मग पायथ्याच्या हर्षेवाडी गावात जेवण आणि ऊन उतरेपर्यंत गावातच थांबायचं, असा बेत आहे. निरगुडपाड्याकडून चढ जास्त, हर्षेवाडीकडून कमी, हे कळलंय. गडाबद्दल वाचायला भरपूर मिळतं. गावाबद्दल मात्र कुणी फारसं लिहीत नाही. बहुतेक वर्णनांत गाव म्हणजे गाडी लावायची जागा, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

आमच्यातल्या दोघांना भाताची आणि नागली-वरईची शेतं बघायची आहेत. पण ऐन सुगीत सात माणसांनी कुणाच्या अंगणात जाऊन बसावं का? त्या दिवसांत घरातलं झाडून सगळं माणूस खाचरात असतं. जेवण सांगायचं तर किती आधी? आणि पैशांचं कसं बोलायचं? पाहुणे म्हणून जेवायचं आणि निघताना हातात नोटा कोंबायच्या, हे मला पटत नाही. आधीच ताटामागे ठरवलं तर ते तुटक वाटेल का? नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी, त्यांच्या घरी होतं तेच हवंय. आमच्यासाठी कुणी त्र्यंबकला पनीर आणायला धावू नये.

वाघबारशीलाच जाऊ, असंही एकाने सुचवलं. या भागातले आदिवासी त्या दिवशी वाघदेवाची पूजा करतात. बघायची इच्छा मलाही आहे, पण बोलावणं नसताना जाणं मनाला येत नाही.

शिवाय एका मैत्रिणीला उंचीची भीती वाटते, तरी तिला वर यायचंच आहे. त्या उभ्या कातळपायऱ्यांचं तिला काय सांगू?

प्रतिसाद १

मी त्र्यंबक तालुक्यातलाच. हर्षेवाडीकडूनच जा, आणि शनिवार-रविवार टाळा. पायऱ्यांवर एका वेळी एकच माणूस मावतं, त्यामुळे गर्दीच्या दिवशी चढणारे-उतरणारे एकमेकांत अडकतात.

जेवण आदल्या दिवशी सांगा आणि ताटामागे किती ते तेव्हाच ठरवा. कुणाला वाईट वाटत नाही. उलट न ठरवता गेलात तर घरधनीण संकोचाने पैसे मागत नाही आणि तिचीच ओढाताण होते. वेळ दुपारी दोनची सांगा. सकाळी बायका शेतावर असतात, आणि सात जणांच्या भाकऱ्या थापायला वेळ लागतो. गाडी खळ्यावर लावू नका. कापलेला भात पसरलेला असतो. खाचरांच्या बांधावरून चालताना बांध फुटणार नाही एवढं बघा. कापणी बघायची तर विळा मागून घ्या आणि दोन वाफे कापू लागा, बोलणं आपोआप सुरू होतं. वाघबारशीबद्दल तुमचं बरोबर आहे. गावात ओळख झाली आणि त्यांनीच बोलावलं, तर जरूर जा.

प्रतिसाद २

मैत्रिणीबद्दल: चढताना तोंड कातळाकडे असतं, पायऱ्यांना हात अडकवायला खोबणी आहेत, त्यामुळे बहुतेक जण वर जातात. खरी परीक्षा उतरताना. शिडी उतरतो तसं कातळाकडे तोंड करून उतरायचं, आणि खाली एका माणसाने पुढची पायरी सांगत राहायचं. दरवाजानंतर कड्यात कोरलेली वाट आहे, तिथे वाकून जावं लागतं आणि पुढे पुन्हा पायऱ्या. पाठीवरची मोठी सॅक तिथे कातळाला घासून तोल घालवते, ती खाली पठारावर कुणाजवळ तरी ठेवा. पठारावर तिला नको वाटलं तर कुणीही आग्रह करू नका. तिथून ब्रह्मगिरी छान दिसतो, आणि एकाने तिच्यासोबत थांबावं. पायऱ्या ओल्या असतील तर सगळ्यांनीच वरचा नाद सोडावा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मग बुधवार ठरवते, जेवणाचं मंगळवारी सांगते. पठारावर लागलं तर मी थांबेन तिच्यासोबत. एकच राहिलं: नागली आणि तांदूळ गावातूनच विकत घ्यायचे असतील तर मिळतात का?

प्रतिसाद १

मिळतात, पण झोडणी झालेली असेल तरच. नाशिकच्या दुकानातला भाव आधी बघून या आणि तोच द्या, घासाघीस करू नका. पिशव्या घरूनच आणा.