'तरतूद' केली म्हणजे पैसे ठेवले का?

अर्धविराम:
एका सार्वजनिक संस्थेच्या वार्षिक लेख्यांचा नागरिकांसाठी सोपा सारांश मराठीत करते आहे. चारच पानं, पण तिसऱ्या पानावर अडले. आशय असा: कचराभूमी बंद झाल्यावर ती जागा पूर्ववत करण्याचा खर्च संस्थेवर येणार, त्यापोटी 'प्रोव्हिजन' दाखवली आहे. मी बिनदिक्कत 'तरतूद केली आहे' असं लिहिलं आणि बाबांना वाचायला दिलं. ते म्हणाले, "छान, म्हणजे पैसे बाजूला काढून ठेवलेत."

ठेवलेले नाहीत! ताळेबंदात ही रक्कम देण्यांच्या बाजूला आहे. नेमकी किती आणि कधी द्यावी लागेल ते ठाऊक नाही, पण बहुधा द्यावी लागणारच, म्हणून अंदाजाने नोंदवलेलं देणं. तिजोरीत त्यासाठी दमडी नसली तरी 'प्रोव्हिजन' असू शकते. दुसरा शब्द सुचवा ना.

शब्दकिडा:
'संभाव्य देणे'. सोपा प्रश्न होता.

निवृत्त लेखनिक:
नको. ते वेगळं. समजा संस्थेवर नुकसानभरपाईचा दावा आहे. हरण्याची शक्यता जिंकण्यापेक्षा जास्त आणि आकड्याचा अंदाज बांधता येत असेल, तर रक्कम ताळेबंदात घ्यायची, ती प्रोव्हिजन. हरू शकतो, पण तितकी शक्यता दिसत नाही, तर फक्त टिपेत लिहायचं. ते संभाव्य देणं. सार्वजनिक क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय लेखामानकांतलं १९ क्रमांकाचं मानक हीच रेघ आखतं. तुम्ही ती एका शब्दात पुसलीत.

'तरतूद'च ठेवा. आम्ही पुस्तपालनात 'बुडीत कर्जासाठी तरतूद' शिकलो. कुणाला वाटलं नाही की पैसे डब्यात घालून ठेवलेत.

तिरपागडा:
कारण वर्गात मास्तर होते. सारांश वाचणाऱ्याकडे कोण आहे? अर्थसंकल्पाच्या बातमीत 'रस्त्यांसाठी तरतूद' म्हणजे खर्चाची मंजुरी. म्हातारपणाची तरतूद म्हणजे साठवलेला पैसा. आणि ताळेबंदातली तरतूद म्हणजे डोक्यावरचं ओझं. बाबांचं काय चुकलं?

किर्दखतावणी:
शब्दाचं मूळ पाहा, गंमत आहे. अरबी 'तरद्दुद': येरझारा, मनाची चलबिचल. उर्दूत तरद्दुद म्हणजे आजही विवंचना. मराठीत येता येता विवंचनेची 'सोय' झाली! कचराभूमीच्या बाबतीत मात्र मूळ अर्थ चपखल बसतो.

शब्दकिडा:
आमची आजी 'तूट आली तर' अशी फोड सांगायची. तर-तूट, तरतूद.

किर्दखतावणी:
आजींना नमस्कार. पण 'ट'चा 'द' कुठल्या नियमाने?

शुद्धमती:
अरबी आहे ना, मग सोडूनच द्या. 'दायित्व-प्रावधान' म्हणा. शिवाजीमहाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश उगाच करवून घेतला का?

तिरपागडा:
'प्रावधान' सरकारी हिंदीतून उचललंत. अरबी घालवायला हिंदी! आणि हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम हे सगळे तिकडचेच. तेही काढा, मग ताळेबंदात नुसते आकडे उरतील.

शुद्धमती:
'अर्थसंकल्प' घडवलेलाच शब्द आहे. रुळला की नाही?

तिरपागडा:
रुळला, पण मला 'अंदाजपत्रक' जास्त प्रामाणिक वाटतं. संकल्प म्हटलं की माणूस हात जोडतो. अंदाज म्हटलं की विचारतो, चुकला कितीने?

अर्धविराम:
मंडळी, माझी कचराभूमी! सध्या मनात 'हिशेबात धरलेलं देणं' आहे. बोलताना आपण म्हणतोच, 'त्याचे पैसे धरलेस का?' धरले म्हणजे ठेवले असं कुणी समजत नाही.

निवृत्त लेखनिक:
वाक्यात झकास. पण लेखापरीक्षा झालेल्या मूळ ताळेबंदात ओळ 'तरतुदी' अशीच असणार. सारांशातला आकडा कुणी मूळ कागदात शोधायला गेला तर 'धरलेलं देणं' त्याला सापडणारच नाही. सोपं केलंत आणि वाट बुजवलीत.

शिवाय एकट्या शब्दाने भागत नाही. ब्रिटनमध्ये २००९-१० या वर्षापासून सगळ्या सार्वजनिक क्षेत्राचे एकत्रित लेखे निघतात. त्यात जुन्या अणुप्रकल्पांच्या जागा साफ करण्याची प्रोव्हिजन प्रचंड असते. भविष्यातला खर्च आजच्या किमतीत आणायचा दर नुसता बदलला तरी आकडा अब्जावधी पौंडांनी हलतो. जागेवर वीटही हललेली नसते. हे कुठल्या शब्दात बसवणार? शेजारी दोन वाक्यं लिहावीच लागतात.

तिरपागडा:
मग कंसात लिहा: तरतूद (पैसे ठेवलेले नाहीत).

अर्धविराम:
हे छापलं तर पुढचं काम मला मिळायचं नाही.

शब्दकिडा:
अवांतर: 'ताळेबंद'मधला ताळा म्हणजे इंग्रजी 'टॅली' का हो?

किर्दखतावणी:
अजिबात नाही. 'टॅली' लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ काटकी. तिच्यावर खाचा पाडून हिशेब ठेवत. उच्चार जुळला एवढंच. ताळेबंद पेशवे दप्तरातही आहेत. ताळा म्हणजे पडताळून पाहणं. शाळेत नऊचा ताळा केला नाहीत?

निवृत्त लेखनिक:
वा, नऊचा ताळा! ४७ गुणिले २३ बरोबर १०८१. सत्तेचाळीसचे अंक एकच अंक उरेपर्यंत मिळवत जा, २ उरतात, तेविसाचे ५, गुणाकार १०, म्हणजे १. इकडे १०८१चाही १. जुळला. पण घाईत १८०१ लिहिलंत तरी ताळा जुळतोच! अंकांची अदलाबदल त्यात पकडली जात नाही. म्हणून तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाकींची यादी, जुळेना आणि फरकाला नऊने भाग गेला, की आम्ही आधी उलटसुलट लिहिलेला आकडा शोधायचो.

अर्धविराम:
उद्या सकाळी मजकूर द्यायचाय...

शब्दकिडा:
'तेरीज' कुठला शब्द हो? हाही अरबीच का?