क्रॉसिंगवर सायकल ट्रॅक आडवा येतो, पिवळ्या टाइल्स नेमक्या कुठे बसवायच्या?

रस्ता_नकाशा:
पुण्यातल्या एका रस्त्याचा आराखडा: फूटपाथ, त्याला लागून त्याच पातळीवर २ मीटरचा सायकल ट्रॅक, मग झाडं-खांबांची दीड मीटरची पट्टी, मग रस्ता. दृष्टिहीनांसाठीच्या पिवळ्या टाइल्सची एकच ओळ ट्रॅकवरून थेट झेब्रापर्यंत नेली आहे. दृष्टिहीन माणसाला ट्रॅक लागला हे कळणार कसं? हरकतीत मापांसकट काय मागावं?

पांढरी_काठी:
चूक नेमकी तिथेच आहे. पट्ट्यांची टाइल म्हणजे ‘चालत राहा’, ठिपक्यांची म्हणजे ‘थांबा’. पट्ट्या ट्रॅकवरून सलग नेल्या तर माणूस न थांबता सायकलींसमोर जातो, आणि सायकलचा आवाज रहदारीत ऐकू येत नाही.

ओळ ट्रॅकच्या कडेला तोडायला सांगा. तिथे क्रॉसिंगच्या पूर्ण रुंदीभर ठिपक्यांच्या टाइल्स, चालण्याच्या दिशेने ६०० मिमी, म्हणजे ३०० च्या दोन रांगा. एकच रांग असली तर चालत्या पावलाखालून निसटते. ट्रॅक ओलांडल्यावर झाडांच्या पट्टीवर पुन्हा ६००, रस्त्याच्या कडेला आणखी ६००.

आता दीड मीटरचा हिशेब करा. दोन्हीकडचे ६०० गेले की मध्ये उरतात फक्त ३००. पायाला तो एकच पट्टा वाटतो आणि पुढे ट्रॅक आहे की रस्ता, हे समजत नाही. मध्ये किमान ६०० सपाट हवं, म्हणजे पट्टी १८०० मिमीची. ट्रॅक एकेरी असेल तर क्रॉसिंगपुरता १७०० करून ही जागा निघते. सायकलीही जरा सावकाश येतील.

साइटवरचा:
क्रॉसिंगशिवाय उरलेल्या लांबीचाही मुद्दा घाला. ट्रॅक आणि फूटपाथ एकाच पातळीवर असले तर फक्त रंगाचा फरक राहतो, तो काठीला कळत नाही. ट्रॅक ६० मिमी खाली घ्या, कर्बचा, म्हणजे फूटपाथच्या कडेच्या दगडाचा, चेहरा उभा ठेवा. उतरता कर्ब काठी घसरून चुकतो. पातळी बदलता येत नसेल तर मध्ये सलग उंचवट्याची पट्टी.

काम चालू असताना बघायच्या गोष्टी: ठिपके ५ मिमी उंच हवेत. सांधे भरताना सिमेंटची स्लरी ठिपक्यांमध्ये बसते आणि टाइल गुळगुळीत होते, त्याच दिवशी ब्रशने धुऊन घ्यायला लावा. पट्ट्या चालण्याच्या दिशेतच हव्यात, आडव्या बसवलेल्या सर्रास दिसतात. ओळीत चेंबरचं झाकण आलं तर आत टाइल बसेल असं खोलगट झाकण मागा. चकचकीत टाइल पावसात घसरते, ती नकोच.

सिग्नल_खांब:
बटणाचा खांब ठिपक्यांच्या टाइल्सवर उभं राहून हात पोचेल असा. खांब सापडावा म्हणून सेकंदाला एक हलका ‘टिक’, चालायची वेळ आली की जलद टिकटिक. बटणावर ओलांडायच्या दिशेचा उठावदार बाण. वेळही तपासा: १२ मीटरच्या रस्त्याला सेकंदाला १.२ मीटरच्या वेगाने १० सेकंद लागतात, सावकाश चालणाऱ्याच्या ०.८ ने १५. हिशेब १५ चा मागा. ट्रॅकवर सिग्नल नसेल तर तिथला झेब्रा उंचवट्यावर घ्या.

रस्ता_नकाशा:
ट्रॅक दुहेरी आहे. मग १७०० कसा चालेल?

पांढरी_काठी:
नाही चालणार. समोरासमोर सायकली आल्या की एक जण फूटपाथवर चढेल. ते ३०० मिमी रस्त्याच्या कडेच्या पार्किंगच्या पट्टीतून घ्या, क्रॉसिंगपाशी तशीही गाडी उभी राहू नये. हरकतीत दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम ४१ लिहा, सुगम रस्त्यांची जबाबदारी त्यात आहे. सोबत क्रॉसिंगचा मापं टाकलेला छेद (उभ्या कापाचं रेखाचित्र) जोडा.