आईच्या एमआरआयवरून पुढे डिमेन्शिया होईल का ते कळतं का? मदत हवी आहे

सोनचाफा
आईचा रिपोर्ट आला. मेंदू वयाच्या मानाने जास्त आकसलाय असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, एमसीआय (स्मरणशक्तीत सौम्य घट) आहे, डिमेन्शिया नाही, सहा महिन्यांनी या. तोवर नुसतं बसून राहायचं का? भाऊ म्हणतो पेट स्कॅन कर, सोक्षमोक्ष लागेल. गिरगावचं घर रिडेव्हलपमेंटला रिकामं करायचंय. आईला तिथेच भाड्याच्या खोलीत एकटीला ठेवू की माझ्याकडे ठाण्याला आणू, ते ठरत नाहीये. पेट करावा का? मुंबईत कुठे? लवकर सांगा.

मुलुंडकर
वय किती? नक्की काय विसरतात? रिपोर्टात एमटीए स्कोअर आहे का? आणि पेट कुठला, एफडीजी की अमायलॉईड?

अनघा_ठाणे
आधी बी१२ आणि थायरॉईड बघा. माझ्या सासऱ्यांचं बी१२ फार कमी निघालं, इंजेक्शनांनी खूप फरक पडला. स्कॅनच्या मागे लागू नका.

मुलुंडकर
अनघाताई, रक्त तपासायलाच हवं. पण एमआरआयमध्ये आकसलेलं दिसलंय, ते सासऱ्यांवरून कसं ठरवणार?

अनघा_ठाणे
ठरवत नाहीये. स्वस्तातली तपासणी आधी करा, एवढंच म्हणतेय.

सोनचाफा
वय ७१. बी१२, थायरॉईड नॉर्मल. तेच तेच विचारते, दूध गॅसवर विसरते. पण भाजीबाजार, हिशेब सगळं स्वतः करते. एमटीए दोन्ही बाजूंना २. कुठला पेट ते भावाने सांगितलं नाही. झोपेची आणि लघवीसाठीची गोळी चालू आहे.

क्ष_किरण
मी याच क्षेत्रात आहे. एमटीए म्हणजे हिप्पोकॅम्पस (आठवणींशी संबंधित भाग) आणि त्याच्या आसपासचा भाग किती आकसलाय त्याचा ० ते ४ आकडा. पंचाहत्तरीच्या आत २ म्हणजे वयाच्या मानाने जास्तच. तरी त्यातून जोखीम कळते, वर्ष कळत नाही. मेमरी क्लिनिकमध्ये येणाऱ्या एमसीआयच्या रुग्णांपैकी दर वर्षी साधारण १० ते १५ टक्के डिमेन्शियाकडे जातात. बरेच जण वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतात, काही जण सुधारतातही.
एफडीजी पेटमध्ये मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतोय ते दिसतं. ठरावीक जागी कमी दिसली तर अल्झायमरची शंका बळावते. अमायलॉईड पेटमध्ये मेंदूत साचणारं त्या नावाचं प्रथिन दिसतं. तो निगेटिव्ह आला तर अल्झायमर नसण्याचीच शक्यता जास्त. पण पॉझिटिव्हवर घाबरू नका, ठणठणीत ज्येष्ठांच्या मेंदूतही अमायलॉईड सापडतो.
माझ्या मते वर्षभराने त्याच मशीनवर पुन्हा एमआरआय करून आकसण्याचा वेग बघणं जास्त मोलाचं. सीडी जपून ठेवा, नुसता कागद पुरत नाही.

परळची_नर्स
गोळ्यांकडे कोणीच लक्ष दिलं नाही! लघवीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी स्मरणशक्तीवर परिणाम होतो. नावं डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून बंद करू नका. ऐकू कमी येतं का तेही तपासा.

ब्राह्मीप्रेमी
ब्राह्मी घृत आणि रोज शब्दकोडं. आमच्या घरी चांगला गुण आला.

विदेशस्थ
अमेरिकेत लेकानेमॅब या सुरुवातीच्या अल्झायमरवरच्या औषधाला २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ते घ्यायचं तर आधी अमायलॉईड सिद्ध व्हावा लागतो. भाऊ त्यासाठीच म्हणत असेल.

गणेश_गिरगाव
रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डर देणार त्या भाड्याचा करार नोंदवलाय का? आमच्या बिल्डरने मध्येच भाडं थांबवलं.

मुलुंडकर
काका, धागा आईच्या तब्येतीचा आहे.

गणेश_गिरगाव
म्हणूनच सांगतोय. करारावर सही आईचीच लागणार. आज त्यांना सगळं कळतंय, तोवर मृत्युपत्र, नॉमिनेशन, जॉइंट खातं उरकून घ्या. ते स्कॅनसाठी थांबवू नका.

क्ष_किरण
गणेशकाकांशी सहमत. घराचा निर्णयही पेटवर टांगू नका. गॅसवर दूध विसरतात, मग एकटं राहणं आजच अवघड आहे, रिपोर्ट काहीही येवो.

सोनचाफा
आईला ठाण्याला आणते. ती चाळीतल्या शेजारणींशिवाय राहायला तयार नाही, ते बघते. भावाला कुठला पेट ते विचारते. गोळ्या सोलिफेनासिन (लघवीची) आणि अल्प्राझोलम (झोपेची) आहेत. मेमरी क्लिनिक कुठे, ते अजून कोणीच सांगितलं नाही.

परळची_नर्स
केईएमच्या न्यूरोलॉजी ओपीडीत विचारा. सगळे जुने रिपोर्ट आणि सीडी घेऊन जा, आणि ही दोन नावं वेगळ्या कागदावर लिहून न्या.