खालचा जबडा पुढे असल्यास शस्त्रक्रिया केवळ दिसण्यासाठी असते का?

प्रश्न:
माझ्या १७ वर्षांच्या मुलीचा खालचा जबडा पुढे आलेला असून तिचे खालचे समोरचे दात वरच्या दातांच्या बाहेर येतात. पेरू किंवा वडापाव तिला समोरच्या दातांनी तोडता येत नाही, त्यामुळे चारचौघांत खाणे तिने जवळजवळ सोडले आहे, आणि फोटो काढताना ती हनुवटीवर हात धरते. ‘दिसण्यासाठी हाडे कशाला कापायची?’ असे घरातील वडीलधारी मंडळी विचारतात. त्यांना काय उत्तर द्यावे?

उत्तर १:
मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात व जबड्यांची ठेवण सुधारणारी दंततज्ज्ञ व्यक्ती, आहे. ताई, खाण्याचा त्रास आणि दिसण्याचा संकोच वेगळे काढता येत नाहीत, हे आपल्याच वर्णनातून दिसते. अशा रुग्णांच्या जीवनमानाचे मोजमाप करण्यासाठी ब्रिटनमध्ये तयार झालेल्या २२ प्रश्नांच्या प्रश्नावलीत चावण्याच्या अडचणीबरोबरच चारचौघांत खाणे, फोटो काढून घेणे आणि अनोळखी व्यक्तीसमोर तोंड झाकणे यांविषयीही विचारलेले असते. मात्र घाई करू नये. जबड्याची वाढ थांबली आहे का, हे काही महिन्यांच्या अंतराने काढलेले चेहऱ्याच्या बाजूचे एक्स-रे ताडून ठरवावे लागते, कारण वाढ शिल्लक असताना शस्त्रक्रिया केल्यास जबडा पुन्हा पुढे येऊ शकतो.

उत्तर २:
माझी ही शस्त्रक्रिया झाली आहे. आधी दीड वर्ष दातांना तारा होत्या. त्या काळात दात जबड्यावर सरळ बसवतात, त्यामुळे हनुवटी पूर्वीपेक्षाही पुढे दिसू लागते, आणि मला सर्वांत कठीण गेला तो हाच काळ. मुलीला याची कल्पना आधीच द्यावी. शस्त्रक्रिया तोंडाच्या आतून झाल्याने चेहऱ्यावर व्रण राहिला नाही, परंतु खालचा ओठ अनेक महिने बधिर होता आणि सुरुवातीचे काही आठवडे पेज व वरणाच्या पाण्यावर काढावे लागले. माझ्या आजोबांची हनुवटीही अशीच होती. माझा चेहरा बदलल्यावर आजी बरेच दिवस गप्प गप्प असे. आपल्या घरातील विरोधामागेही असे काही आहे का, हे हळुवारपणे विचारून पाहावे.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल मी मुलीलाच विचारले. दिसण्याविषयी ती काहीच बोलली नाही. कॉलेजमध्ये ती रोजचा डबा जिन्यावर एकटी बसून खाते, एवढेच तिने सांगितले. एक्स-रेसाठी आम्ही पुढच्या आठवड्यात जात आहोत आणि आजीही सोबत येणार आहेत.