गिटमधलं (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) 'पुश ऑटो-सेटअप-रिमोट' सेटिंग सगळ्यांच्या मशीनवर चालू करायचं का?

टिळकवाडीकर: नव्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या फाट्यावर) काम सर्व्हरला पाठवायला नुसतं 'गिट पुश' मारलं की 'अपस्ट्रीम नाही', म्हणजे सर्व्हरवरची जोडलेली ब्रँच नाही, म्हणून अडतं. मग 'गिट पुश -यू ओरिजिन ऊस-बिल' (ओरिजिन हे सर्व्हरचं टोपणनाव, ऊस-बिल हे ब्रँचचं नाव) असं सगळं टाइप करत बसा. गिट २.३७ (२०२२) पासून 'पुश डॉट ऑटोसेटअपरिमोट' ट्रू केलं की पहिल्याच पुशला सर्व्हरवर त्याच नावाची ब्रँच तयार होते आणि ट्रॅकिंगही (अपस्ट्रीमशी जोडणी) जुळतं. टीममधल्या सगळ्यांच्या ग्लोबल कॉन्फिगमध्ये (आपल्या सगळ्या प्रोजेक्टना लागू होणाऱ्या सेटिंगांत) टाकून मोकळं व्हावं.

जांबोटीचा पाऊस: मोकळं कसलं ओ! ते सेटिंग अपस्ट्रीम नसेल तेव्हाच चालतं. 'गिट स्विच -सी ऊस-बिल ओरिजिन/मेन' अशी मेनवरून (मुख्य ब्रँचवरून) ब्रँच काढली की गिट आपणहून ओरिजिन/मेनलाच अपस्ट्रीम करून ठेवतं. पुश केलं की नावं जुळत नाहीत म्हणून एरर. २.० पासून पुश डिफॉल्ट 'सिंपल' (नावं जुळली तरच पुश) आहे म्हणून नशीब. कुणी ते 'अपस्ट्रीम' करून ठेवलं असेल तर तुमचं अर्धं काम थेट मेनवर!

टिळकवाडीकर: मेनला सर्व्हरवर कुलूप असतंच की. शिवाय 'ब्रँच डॉट ऑटोसेटअपमर्ज' सिंपल करा, तेही २.३७ मध्येच आलंय. नाव सारखं असेल तरच ट्रॅकिंग लागतं.

जांबोटीचा पाऊस: मग शीर्षकात दोन्ही सेटिंगं लिहा. एकटं पहिलं टाकून उपयोग नाही.

निपाणीकर: तुम्ही पुशवर भांडताय, घोळ भलतीकडंच होतो. ओरिजिन/मेन म्हणजे सर्व्हर नव्हे. शेवटच्या फेचला (सर्व्हरवरचं नवं आणलं तेव्हा) सर्व्हर जिथं होता, त्याची आपल्या डिस्कवरची खूण. खानापूरच्या पावसात दिवसभर नेट नसलं तरी 'गिट स्टेटस' खुशाल 'अप टू डेट' म्हणतं, कारण ते सर्व्हरला विचारतच नाही. आधी 'गिट फेच --प्रून', मग 'गिट ब्रँच -व्हीव्ही'. किती पुढं, किती मागं ते तिथं दिसतं. 'गॉन' दिसलं तर सर्व्हरवरची ब्रँच उडालेली.

टिळकवाडीकर: एडिटरमध्ये ऑटोफेच (आपोआप फेच) लावलं की मिटलं.

निपाणीकर: तिथंच फसायला होतं! सर्व्हरवरच्या ब्रँचवर जबरदस्तीनं पुश करताना 'फोर्स-विथ-लीज' नुसतं दिलं तर ते त्याच खुणेशी ताडून बघतं. एडिटरनं मागच्या मागं फेच केलं की खूण पुढं सरकते. जोडीदाराचे कमिट्स (नोंदवलेले बदल) तुम्ही उघडूनही बघितलेले नसतात, पण लीज पास होते आणि सर्व्हरवरच्या ब्रँचमधून ते उडतात. जोडीला 'फोर्स-इफ-इन्क्लूड्स' द्या, २.३० पासून आहे; ते कमिट्स तुमच्या कामात आलेले नसतील तर पुश अडतं. ते एकटं दिलं तर काहीच करत नाही, लीजबरोबरच द्यायचं.

जांबोटीचा पाऊस: त्यापेक्षा ऑटोफेच बंद केलेलं बरं.

टिळकवाडीकर: ऑटोफेच राहील, इन्क्लूड्स लावतो. पुशचं सेटिंग मात्र सगळ्यांना, ऑटोसेटअपमर्जच्या जोडीनं.