जुन्या पीसीवर ग्नोमच का? दुकानदारांच्या गळ्यात मारू नका

होटगीरोड: काल इथं एकानं लिहिलं, "ग्नोम सोडून बाकी डेस्कटॉप भंगार, दुकानदाराला डोळे झाकून ग्नोम द्या." ग्नोम म्हणजे लिनक्सचा (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम) एक डेस्कटॉप, पडद्यावरची खिडक्या-मेनूची मांडणी. हे पटण्यासारखं नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता सोलापुरात नवी पेठेतल्या काउंटरवरचे जे पीसी लिनक्सवर येतायत, त्यांत ४ जीबी रॅम आणि जुनी हार्डडिस्क. ग्नोमचा इंडेक्सर (शोधासाठी फायलींची यादी करणारा प्रोग्राम) डिस्कवर बसला की गिऱ्हाईक समोर उभं आणि कॅल्क (हिशेबाची शीट) उघडेना. मूळ ग्नोममध्ये मिनिमाइजचं बटणसुद्धा ट्वीक्स नावाचं वेगळं ॲप टाकून आणावं लागतं. डेबियन १३ (लिनक्सचा एक प्रकार) वर एक्सएफसीई ४.२० हा हलका डेस्कटॉप टाका, बास.

साखरपेठ: रॅम-रॅम काय लावलंय? ब्राउझरचे दहा टॅब उघडले की एक्सएफसीईनं वाचवलेली रॅम कुठल्या कुठं जाते. आधी एसएसडी बसवा. झेडरॅम-टूल्स (रॅममधला डेटा दाबून बसवणारं पॅकेज) टाकून सेटिंगच्या फाइलीत पर्सेंट ५० करा. इंडेक्सर नको असेल तर सेटिंग्जमध्ये 'सर्च'मधून फोल्डर काढा.

भवानीपेठ: मुद्दा सोडून काय बोलालाव ओ? पूर्व भागातल्या दुकानात मराठी, तेलुगू, कन्नड, इंग्रजी चारही लागतात. एक्स११ वर (पडदा सांभाळणारी जुनी यंत्रणा) एक्सकेबीचे, म्हणजे तिच्या कीबोर्ड-सेटिंगचे, लेआउट चारच बसतात. एक्सएफसीईत पाचवी हिंदी घालायला गेलात की अडलं. ग्नोममध्ये आयबस (वेगवेगळ्या भाषा टाइप करायची सोय) आतच आहे, सुपर-स्पेस (विंडोज-की आणि स्पेस) दाबलं की भाषा बदलली.

होटगीरोड: मर्यादा लेआउटला आहे, आयबसला नाही! आयबस-एम१७एन (आयबसला भारतीय भाषा पुरवणारं पॅकेज) टाका, आयएम-कॉन्फिगमध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या. लॉगआउट न करताच 'मराठी येत नाही' म्हणून ओरडतात लोक. आयट्रान्स, गमभन (इंग्रजी अक्षरांत उच्चारानं टाइप करायच्या फोनेटिक पद्धती), हवं ते घ्या.

साखरपेठ: दुकानातल्या पोरांना फोनेटिक शिकवूच नका! इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांचा ठरलेला कीबोर्ड) 'क' मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हीत 'के'वरच. एकदा बोटं बसली की तिन्ही लिप्या आल्या. 'दुसऱ्या'तला ऱ्य: शिफ्ट-जे, डी, स्लॅश. शिफ्ट राहिला की 'दुसर्या' होतं आणि बिलावर तसंच छापून जातं.

विजापूररोड: प्लाझ्मा ६ या तिसऱ्या डेस्कटॉपला कुणी विचारतच नाही, आणि वर 'वेलँडवर (एक्स११ च्या जागी आलेली नवी यंत्रणा) आयबस चालत नाही' ही अफवा. सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'व्हर्च्युअल कीबोर्ड'खाली 'आयबस वेलँड' निवडायचं. जुन्या लेखांतून उचललेल्या जीटीके-आयएम-मॉड्यूल आणि क्यूटी-आयएम-मॉड्यूलच्या सेटिंगच्या ओळी आधी काढायच्या. त्या तशाच ठेवून प्लाझ्माला शिव्या घालणं बंद करा.

होटगीरोड: इनस्क्रिप्टचं मान्य, त्यात वाद नाही. एसएसडी आणि ८ जीबी असेल तर ग्नोम घाला, माझी हरकत नाही. पण ४ जीबी आणि हार्डडिस्कवर 'डोळे झाकून ग्नोम' हे चूकच, आणि ज्यानं लिहिलंय त्यानं ते मागं घ्यावं.

भवानीपेठ: तेवढं बरोबर. पण डेस्कटॉप कुठलाही घाला, डेबियनच्या किमान इन्स्टॉलवर भारतीय फॉन्ट गृहीत धरू नका, तेलुगूच्या जागी चौकोन दिसतात. फॉन्ट्स-देवा, फॉन्ट्स-तेलु, फॉन्ट्स-केएनडीए ही तिन्ही पॅकेजं टाकूनच पीसी दुकानदाराच्या हातात द्या.