चर्चा : कुंकू पुसायची बंदी गावाने केली, पण ते पुसायला शिकवतं कोण?

शिरोळकर (मूळ धागा)

हेरवाड हे कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेने ठराव केला : नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं यापुढे गावात बंद. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. पुढे १७ मे ला राज्य सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं.

ठराव योग्यच होता. पण ही प्रथा मयताच्या दिवशी सुरू होत नाही, आणि आपण सगळे तेवढ्या एका दिवसाबद्दलच बोलतो. मुलगी चार-पाच वर्षांची असल्यापासून आईचं बोट धरून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाते. तिथे तिला कोणी काही समजावून सांगत नाही, ती नुसती बघत असते. करंडा ओळीने फिरतो, अत्तर लागतं, वाण मिळतं. ज्या काकूंचे यजमान गेलेत त्या आत ओट्याशी उभ्या राहून तिळाच्या वड्या ताटात लावत असतात. करंडा आतल्या दारापर्यंत येतो आणि मागे वळतो. काकूही हात पुढे करत नाहीत. ओटी कुणाची भरायची, लग्नात हळद लावायला कुणाला बोलवायचं, बाळाला पहिल्यांदा पाळण्यात कुणी घालायचं, हे सगळं दहा वर्षांची होईतो तिला पाठ झालेलं असतं.

मग चाळिशीत तिच्यावर तीच वेळ येते आणि ती आपणहून मागे सरते. लोक म्हणतात, बघा, तिलाच नकोय. ते ‘नको’ तिच्यात लहानपणापासून मुरलंय, त्याला तिची स्वतंत्र इच्छा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिला हे शिकवणाऱ्या बायका दुष्ट नसतात. माझ्या सख्ख्या आत्या, मावश्या आहेत त्या. म्हणून माझं स्पष्ट मत : हळदीकुंकू एकतर सगळ्या बायकांसाठी करा, नाहीतर करू नका.

माजघर

असहमत. माझ्या आईला वर्षभरात शेजारणींबरोबर निवांत बसायला मिळायचं ते हळदीकुंकवालाच. चैत्रातली आंब्याची डाळ आणि पन्हं, मंगळागौरीची जागरणं, यांतून तिचं मैत्रिणींचं जग उभं राहिलं. तुम्ही त्यातलं फक्त वगळणं बघताय.

आणि इच्छा संस्कारांतून आली म्हणून ती खोटी ठरत असेल, तर तुमचं हे मतही शाहू-फुल्यांच्या संस्कारांतूनच आलंय. ते तेवढं स्वतंत्र आणि आईचं मात्र मुरवलेलं, असं कसं?

बाबा गेल्यावर घरात कुणीही आईला काही काढायला लावलं नाही. मी स्वतः टिकल्यांचं पाकीट आणून तिच्या आरशापाशी ठेवलं. तिने लावली नाही. म्हणाली, “लावली की ते नाहीत हे जास्त जाणवतं.” दुःख पेलायलाही माणसाला एक रीत लागते. ती काढून घेतलीत तर त्या जागी काय देणार आहात?

शिरोळकर

तुमच्या आईंनी कुणाच्या सांगण्याशिवाय ठरवलं, त्याबद्दल मला एक अक्षर बोलायचं नाही. माझा प्रश्न बाकीच्यांनी घालून दिलेल्या रीतीबद्दल आहे. बायको गेलेल्या पुरुषालाही दुःख होतं. त्याच्या अंगावरचं काय उतरवतात? शुभकार्यात त्याला कोण मागे थांबवतं?

माजघर

आमच्याकडे विधुर बाप कन्यादानाला बसत नाही, काका-काकू बसतात. त्याच्याही वाट्याला थोडं येतंच. बाईइतकं नाही, हे मान्य.

सातबारा

दोघंही मूळ दुखण्यापासून लांब आहात. बांगड्या राहिल्या काय, फुटल्या काय, बाईचं घरातलं स्थान जमिनीवर ठरतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेला मुलांच्या बरोबरीचा वाटा दिला. प्रत्यक्षात तेरावं उरकलं की दीर हक्कसोडपत्राचा कागद पुढे करतो आणि सासरी राहायचं म्हणून ती अंगठा उठवते. सातबाऱ्यावर तिचं नाव टिकवा. ज्या बाईच्या नावावर चार एकर ऊस आहे तिला आत वड्या लावायला कोणी सांगत नाही. ओळख ओळख काय करताय, आधी वारसनोंद बघा.

म्हापशेकर

सातबारा, तुमचं म्हणणं गोव्यात ताडून बघा. आमच्याकडे पोर्तुगीज अमदानीपासूनचा दिवाणी कायदा आहे. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक होते. नवरा वारला तरी बायकोचा अर्धा हिस्सा तिचाच राहतो, कुणी उपकार म्हणून द्यावा लागत नाही. माझ्या मावशीचं अर्धं घर असं तिच्या नावावर आहे. पण भाचीच्या लग्नात काकणकार चुडा भरायला आला, सगळ्या बायका नवरीभोवती जमल्या आणि मावशी उठून परसात गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. अर्ध्या घराची मालकीण असूनही आपण तिथे थांबलो तर नवरीला अपशकुन होईल, असं तिला मनापासून वाटत होतं. हे कुठल्या सातबाऱ्यावरून पुसणार?

कायदा हवाच, पण तेवढ्याने भागत नाही.

पाटाची पणती

इथे सगळे ‘आपली संस्कृती’ एकच धरून चाललेत, ते चूक आहे. महाराष्ट्रात बऱ्याच शेतकरी आणि कारागीर जातींमध्ये विधवेचा पाट लागायचा, म्हणजे दुसरं लग्न व्हायचं. काही भागांत त्याला म्होतूर म्हणत. माझ्या पणजीचा लागला होता आणि आमचं घराणं त्या दुसऱ्या संसारातलंच आहे. केशवपन ही मुख्यतः ब्राह्मणी घरांतली रीत. तिच्याविरुद्ध १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत नाभिकांची सभा घेतली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरलं.

मग पाट कुठे गेला? थोडे पैसे आले, मुलं शिकली, आणि आपण वरचे दिसावं म्हणून लोकांनी पाट सोडला. माझ्या आजीला पणजीच्या पाटाबद्दल बोलायची लाज वाटायची. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, आणि त्याच काळात शेजारपाजारची घरं होती ती वहिवाट टाकत होती. विधवेने कसं राहावं हे बाई म्हणून जेवढं शिकवलं जातं, तेवढंच जात म्हणून शिकवलं जातं. धाग्यात जातीचा उल्लेखच नव्हता, म्हणून एवढं लिहिलं.

फाट्यावरची

मी स्वतः विधवा आहे. नोकरी तालुक्याच्या गावी. एसटीत बसले की पर्समधून टिकली काढून लावते आणि संध्याकाळी फाट्यावर उतरायच्या आधी काढून पर्सच्या कप्प्याला चिकटवते. ऑफिसात मी मॅडम असते, आमच्या गल्लीत ‘त्याची बायको’. दोन्ही मीच आहे आणि मला दोन्हीकडे वावरता येतं. पण फाट्यावर दहा पावलं चालताना फार थकायला होतं.

शिरोळकर, हळदीकुंकू बंद करू नका. तिथे माझ्या मैत्रिणी असतात, मला यायचंय. पण बोलवायची पद्धत बदला. ठरावानंतर एका कार्यक्रमाला मला बोलावलं, स्टेजवर खुर्चीत बसवलं, कुणीतरी भाषण केलं, मग सगळ्यांच्या देखत हळद लावून फोटो काढले. घरी येऊन मी रडले. सत्कार नको होता मला. बाकीच्यांसारखं सतरंजीवर ओळीत बसायचं होतं.

ठरावाने फारसं काही होत नाही, असा इथला सूर दिसतोय. मला त्याचा उपयोग झाला. सासूबाईंनी एकुलता मुलगा गमावलाय, त्यांच्याशी मी वाद घालू शकत नाही. पण बांगड्या का घातल्यास म्हणून विचारलं तेव्हा ‘आता पंचायतीनंच सांगितलंय’ एवढं म्हणता आलं. त्या गप्प बसल्या आणि त्यांनाही बरं वाटलं असावं, कारण चार बायकांना त्यांनीही तेच उत्तर दिलं. जिला मनातून हवंय पण बोलायचं बळ नाही, तिला ठराव आडोसा देतो. म्हापशेकरांच्या मावशींना स्वतःलाच जे पटलेलं आहे, तिथे तो पोचत नाही.

आणि सातबारा, वारसनोंद झाली आहे. कागद माझ्यापुढेही आला होता, मी सही केली नाही.

सातबारा

उत्तम केलंत. फेरफाराची नक्कल काढून जवळ ठेवा.

माजघर

ताई, स्टेजवरचं वाचून वाईट वाटलं. माझा आक्षेप तरीही तसाच आहे : घरात कुणाला बोलवायचं हे गावाने किंवा सरकारने ठरवू नये. पण शाळा, अंगणवाडी, नगरसेवकाचा वॉर्डातला कार्यक्रम, इथे ‘समस्त सुवासिनींना निमंत्रण’ असे फलक लागतात ते बंद व्हावेत. कार्यक्रम सगळ्यांचा म्हणायचा आणि दार निम्म्यांना उघडायचं, हे चालणार नाही. तिथे मी शिरोळकरांच्या बाजूने.

शिरोळकर

फलकांचं मान्य, आणि ताईंचं वाचून ‘नाहीतर करू नका’ हे माझे शब्द मागे घेतो. हळदीकुंकू व्हावं, सगळ्यांचं व्हावं. घर खाजगी आहे म्हणून सोडून द्या, हे मात्र पटत नाही. फलक लागतो तेव्हा मुलगी वाचायला शिकलेली असते. करंडा कुठून मागे वळतो हे तिने त्याच्या आधी घरातच बघितलेलं असतं. सरकारने घरात शिरू नये, कबूल. पण घरातल्या मोठ्या बाईने तो करंडा ओट्यापर्यंत न्यावा, असं तिला मी सांगणारच. आमच्या आत्यांना सांगितलंय. एक हो म्हणाली, दुसरी अजून बोलत नाही.